नागपुरात चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया : खर्चाची तुलना कशी करावी आणि डॉक्टर कसा निवडावा

नागपुरातल्या रामदासपेठ, धंतोली किंवा वर्धा रोडवरच्या दोन-तीन नेत्ररुग्णालयांना फोन करून चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेचा खर्च विचारला, तर एका ठिकाणी दोन्ही डोळ्यांचे तीस हजारांच्या आसपास सांगतात आणि दुसऱ्या ठिकाणी सव्वा-दीड लाख. यात कोणी खोटे बोलत असते असे नाही. पहिल्याने ब्लेड वापरून केलेल्या ‘लॅसिक’ पद्धतीचा भाव सांगितलेला असतो, दुसऱ्याने फेम्टोसेकंद लेसरने केलेल्या ‘स्माइल’ पद्धतीचा. आणि फोन करणाऱ्याच्या डोळ्याला यांपैकी नेमके काय चालेल, किंबहुना काही चालेल की नाही, हे त्या क्षणी दोघांनाही ठाऊक नसते. म्हणून या लेखाचा भर एका क्रमावर आहे : आधी डोळ्याचे मोजमाप, मग पद्धत आणि त्यानंतरच भाव व डॉक्टर. हा क्रम उलटला, की पॅकेज आधी ठरते आणि डोळा त्यात बसवण्याची घाई सुरू होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ आणि राज्याच्या सीमेपलीकडून बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांची साहजिकच इच्छा असते, की सकाळी तपासणी आणि दुपारी शस्त्रक्रिया होऊन एकाच फेरीत काम उरकावे. त्यांना हा क्रम पाळणे अधिक कठीण जाते, पण त्यांनीच तो अधिक कसोशीने पाळावा, कारण पुढे काही त्रास झाला तर दीडशे किलोमीटरवरून पुन्हा यावे लागणार असते.

पहिली पायरी : शस्त्रक्रिया करावी का, हे ठरवणे

वय किमान १८ पूर्ण असावे आणि गेल्या वर्षभरात चष्म्याचा नंबर अर्ध्या डायॉप्टरपेक्षा (हे नंबर मोजण्याचे एकक) जास्त बदललेला नसावा. यासाठी जुन्या चष्म्याची चिठ्ठी शोधून काढावी. ती नसेल, तर ज्या दुकानातून चष्मा घेतला तिथे नोंद बहुधा मिळते. बारावी किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींचा नंबर अनेकदा अजून वाढत असतो, आणि वाढता नंबर आज लेसरने पुसला तरी दोन वर्षांनी तो थोडा परत दिसू लागतो. अशा वेळी वर्षभर थांबायला एक पैसाही लागत नाही.

गर्भारपण आणि अंगावर पाजण्याचा काळ, आटोक्यात नसलेला मधुमेह, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, डोळ्यात पूर्वी होऊन गेलेला नागिणीसारखा विषाणुसंसर्ग आणि मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या या गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगाव्यात. घरात कोणाला केराटोकोनस, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार असेल, तर तेही सांगावे. डोळे चोळण्याच्या सवयीचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीने आणि ॲलर्जीने डोळे खाजवणारी कितीतरी मुले असतात, आणि आईवडिलांना ती सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कोणी तिचा उल्लेखच करत नाही.

चाळिशीच्या आसपासच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेसरने लांबचा नंबर जातो, पण चाळिशीत जवळचे वाचण्यासाठी लागणारा चष्मा त्यामुळे टळत नाही. उलट उणे दोन-तीन नंबर असलेली व्यक्ती चष्मा काढून सहज पोथी वाचू शकते, ती सोय लेसरनंतर संपते. एक डोळा लांबसाठी आणि दुसरा जवळसाठी ठेवण्याचा मार्ग आहे, परंतु तो मानवतो का हे आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

नोकरभरतीच्या तयारीत असलेल्या तरुणांनी तर पैसे जमवण्याआधी भरतीची जाहिरात वाचावी. नागपूर हे रेल्वेचे मोठे ठिकाण असल्याने सहायक लोको पायलटच्या परीक्षेला बसणारे इथे पुष्कळ आहेत, आणि त्या पदासाठी लॅसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांत काही पदांसाठी ती चालते, पण वय, शस्त्रक्रियेनंतर उलटलेला काळ आणि डोळ्याची लांबी यांच्या अटी असतात. चष्मा काढला म्हणजे वैद्यकीय चाचणी पार पडेल या समजुतीवर घरची बचत खर्च होणे फार वाईट.

दुसरी पायरी : मोजमाप, आणि त्याचा कागद स्वतःच्या हातात

तपासणीला जाण्याआधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवावी लागते, कारण लेन्समुळे बुबुळाच्या पडद्याचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकते. लेन्स काढून लगेच त्याच खुर्चीत मोजमाप घेणारे ठिकाण दिसले, तर तेवढ्यावरूनही त्या ठिकाणच्या काळजीचा अंदाज येतो.

पूर्ण तपासणीला दोन-तीन तास लागतात. तीत चष्म्याचा नंबर साध्या पद्धतीने आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून, असा दोनदा पाहिला जातो. पेंटाकॅमसारख्या यंत्रावर पडद्याचा पुढचा-मागचा आकार आणि जाडी यांचा नकाशा निघतो. अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजतात, डोळ्याचा दाब बघतात आणि खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे अडकवून अश्रू पुरेसे आहेत का ते पाहतात. ती पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली, तर डोळे कोरडे असल्याचा संशय धरतात. शेवटी डोळ्यामागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची, कडेपर्यंत तपासणी होते. मोठा उणे नंबर असलेल्यांचा मागचा पडदा कडेला विरळ झालेला किंवा त्याला बारीक छिद्रे पडलेली असू शकतात. तिथे आधी वेगळे लेसर करून घ्यावे लागते आणि त्याचा खर्चही वेगळा असतो. चष्मा गेला तरी डोळ्याची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे ही तपासणी पुढेही दरवर्षी करावी लागते. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते, म्हणून स्वतःची दुचाकी घेऊन जाऊ नये. मेट्रोने जावे किंवा कोणाला सोबत न्यावे.

यंत्रातून निघालेला पडद्याच्या नकाशाचा रंगीत कागद हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. त्यावरचे सगळे आकडे वाचता आलेच पाहिजेत असे नाही, पण तीन समजून घ्यावेत. पहिला, सर्वांत पातळ ठिकाणची जाडी. आपल्या पडद्याची मधली जाडी सरासरीने ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, आणि ४८० च्या खाली गेल्यास बहुतेक सर्जन लॅसिक टाळतात. दुसरा, पडद्याचा सर्वांत तीव्र बाक. तो ४७-४८ डायॉप्टरच्या वर असेल तर डॉक्टरांना त्याचे कारण विचारावे. तिसरा, पेंटाकॅमच्या एका तक्त्यावर खाली येणारा ‘डी’ हा एकत्रित आकडा, तो १.६ च्या आत असल्यास ठीक मानतात, त्यापुढे पिवळा आणि २.६ च्या पुढे लाल रंगात दिसतो. एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही. मात्र पिवळ्या-लाल आकड्याबद्दल काहीही न बोलता कोणी थेट तारीख देऊ लागले, तर ती तारीख घेऊ नये.

जाडीचे साधे गणित घरीही करून पाहता येते. लेसर दर डायॉप्टरमागे साधारण १५ मायक्रॉन जाडी घटवतो, आणि फेम्टो लॅसिकमध्ये वरची चकती, म्हणजे फ्लॅप, साधारण ११० मायक्रॉनची असते. जाडी ५२० आणि नंबर उणे पाच असेल, तर ११० अधिक ७५ मिळून १८५ मायक्रॉन हात लागलेला भाग होतो आणि खाली ३३५ मायक्रॉन शाबूत राहतात. हे चांगले. जाडी ४९० आणि नंबर उणे आठ असेल, तर ११० अधिक १२० असे २३० जातात, खाली २६० उरतात, आणि मूळ जाडीच्या सुमारे ४७ टक्के भागाला धक्का लागतो. खाली किमान २५० उरले पाहिजेत हा जुना दंडक आहे; आज पुष्कळ सर्जन ३०० राखतात आणि हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आत असावे असे मानतात. म्हणजे या दुसऱ्या उदाहरणातल्या डोळ्यासाठी लॅसिकचे कितीही स्वस्त पॅकेज महागच आहे. पडदा अती पातळ झाल्यास तो पुढे फुगत जाऊ शकतो, आणि त्यावरचा उपचार दीर्घ आणि खर्चिक असतो.

तपासणीचे शुल्क काही ठिकाणी हजार ते तीन हजार रुपये असते, काही ठिकाणी ती मोफत असते. मोफत तपासणीत पुष्कळदा हा कागद हातात मिळत नाही, फक्त ‘तुम्ही फिट आहात’ एवढे सांगितले जाते. माझे स्पष्ट मत असे, की पैसे द्यावेत आणि कागद घ्यावा. तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास दोन मते एकाच मोजमापावर मिळतात आणि तुलनेला अर्थ येतो. दुसऱ्या मतासाठी नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स या सरकारी रुग्णालयांचे नेत्रविभाग आहेत; रांग लांब असते, पण तिथल्या डॉक्टरला तुम्हाला कुठलेही पॅकेज विकायचे नसते. शंका गंभीर असेल, तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत कॉर्नियाच्या तज्ज्ञाला दाखवून यावे. नागपूरहून ते एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर आहे.

तिसरी पायरी : पद्धती, आणि भावात एवढा फरक का

सर्वांत जुनी आणि बहुधा सर्वांत स्वस्त पद्धत पीआरके. तीत पडद्यावरचा सर्वांत वरचा पातळ थर बाजूला करून पडद्याला आकार देणारा एक्सायमर लेसर मारतात आणि वर पट्टीसारखी एक लेन्स बसवतात. तीन ते पाच दिवस दुखते, डोळ्यांत पाणी येते आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. पण फ्लॅप नसल्याने पातळ पडद्याला आणि कुस्ती-कबड्डीसारखे खेळ खेळणाऱ्यांना ती सोयीची असते. तिला कमी दर्जाची समजण्याचे कारण नाही. लॅसिकमध्ये फ्लॅप कापून उचलतात आणि त्याखाली लेसर मारतात; साध्या लॅसिकमध्ये हा फ्लॅप ब्लेडने कापतात, फेम्टो लॅसिकमध्ये तोच फेम्टोसेकंद लेसरने, अधिक नेमक्या जाडीचा. काँटुरामध्ये पद्धत लॅसिकचीच असते, पण लेसर कुठे किती मारायचा हे पडद्याच्या उंचसखल नकाशावरून ठरते. स्माइलमध्ये फ्लॅप नसतोच. पडद्याच्या आत लेसरने एक पातळ चकती कोरून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. ती प्रामुख्याने उणे नंबर आणि तिरप्या नंबरासाठी वापरली जाते. अमेरिकेच्या एफडीएने स्माइलला २०१६ मध्ये मान्यता दिली. लॅसिकच्या मागे त्याहून कितीतरी अधिक वर्षांचा अनुभव आहे, म्हणून ‘नवे ते उत्तम’ एवढ्यावर पन्नास हजार जास्त देऊ नयेत. ज्यांचा पडदा लेसरला पुरणारा नाही किंवा नंबर फार मोठा आहे, त्यांच्यासाठी डोळ्याच्या आत बसणारी आयसीएल लेन्स हा मार्ग असतो. तिथे खर्चाचा मोठा वाटा आयात केलेल्या लेन्सचा असतो आणि तिरप्या नंबराची लेन्स आणखी महाग पडते.

भावातला फरक कुठून येतो हे कळले, की घासाघीस कुठे करायची हेही कळते. फेम्टोसेकंद यंत्रात प्रत्येक रुग्णासाठी डोळ्यावर टेकवायचा एकदाच वापरायचा सुटा भाग लागतो, आणि स्माइलसारख्या पद्धतीत रुग्णालयाला दर शस्त्रक्रियेमागे यंत्राच्या कंपनीला परवान्यापोटी रक्कम मोजावी लागते. हा खर्च सर्जन कमी करू शकत नाही. म्हणून स्माइलच्या भावात कोणी फारच मोठी सूट देत असेल, तर ती कशातून दिली जात आहे हे विचारावे : सुटा भाग नवा आहे ना, नंतरच्या भेटी धरल्या आहेत ना, शस्त्रक्रिया नेमकी कोण करणार. त्याउलट तपासणी शुल्क, औषधांचा संच, पुढच्या भेटी आणि खोलीचे भाडे यांत रुग्णालयाला सूट देण्यास जागा असते, आणि ती मागण्यात संकोच बाळगू नये.

चौथी पायरी : दोन ठिकाणचे भाव एका कागदावर

माझी भाची अमरावतीहून लेसरसाठी आली, तेव्हा एका ठिकाणी समुपदेशकाच्या टेबलावर तीन रंगांच्या रकान्यांचा गुळगुळीत कागद होता आणि तपासणीच्या थेंबांनी तिला तो वाचताही येत नव्हता. समोरची मुलगी नम्रपणे म्हणाली, “ताई, आज बुक केलंत तर दहा हजार कमी होतील, सर उद्यापासून बाहेर आहेत.” भाचीने माझ्याकडे बघितले. आम्ही कागद मागून घेतला, त्यावर तारीख आणि सही घेतली आणि घरी आलो. चार दिवसांनी फोन केला, तेव्हाही ती सूट मिळत होती. एका दिवसाच्या मुदतीची सूट हा वैद्यकीय निर्णयाचा भाग असूच शकत नाही. आणि बाहुली मोठी केलेल्या माणसाकडून त्याच दुपारी पैसे भरून घेणे मला योग्य वाटत नाही.

भाव लेखी घ्यावा आणि त्यात पुढील गोष्टी वेगवेगळ्या दिसाव्यात : पद्धतीचे आणि यंत्राचे नाव, रक्कम एका डोळ्याची की दोन्हींची, सर्जनचे नाव, आधीच्या चाचण्या, शस्त्रक्रियेनंतरचे थेंब किती महिन्यांचे, किती भेटी आणि किती काळ, आणि नंबर थोडा उरला किंवा परत आला तर दुसऱ्यांदा लेसर करण्याची अट. आणखी एक प्रश्न राहून जातो : ऐन टेबलावर पद्धत बदलावी लागली, उदाहरणार्थ फ्लॅप नीट झाला नाही आणि शस्त्रक्रिया थांबवावी लागली, तर पैशांचे काय. याचे उत्तरही लेखी असावे.

एक उदाहरण करून पाहू. समजा, पहिल्या ठिकाणी फेम्टो लॅसिकचे दोन्ही डोळ्यांचे ६८,००० रुपये सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी ८५,०००. वरवर फरक १७,००० चा. पण पहिल्या ठिकाणी चाचण्यांचे २,५००, तीन महिन्यांच्या थेंबांचे ३,५०० आणि पहिल्या महिन्यानंतरच्या तीन भेटींचे १,५०० वेगळे आहेत, म्हणजे एकूण ७५,५००. दुसऱ्या ठिकाणी चाचण्या, एक महिन्याचे थेंब आणि वर्षभराच्या भेटी धरलेल्या आहेत. वरून दोन हजारांचे थेंब लागतील, म्हणजे ८७,०००. आता फरक ११,५०० वर आला. दुसऱ्या ठिकाणी दोन वर्षांत लागल्यास पुन्हा लेसर मोफत आहे आणि पहिल्या ठिकाणी त्याचे एका डोळ्यामागे १५,००० आहेत. नंबर उणे दोन असेल तर पुन्हा लेसर लागण्याची शक्यता कमी, तेव्हा पहिले ठिकाण परवडते. नंबर उणे सात आणि तिरपाही असेल तर ती शक्यता वाढते आणि दुसरे ठिकाण स्वस्त ठरू शकते. बाहेरगावच्या माणसाने यात प्रवास आणि मुक्काम मिळवावा : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी अशा निदान चार भेटी धरून, सोबतच्या व्यक्तीच्या तिकिटासह.

‘आजीवन मोफत पुन्हा लेसर’ हे आश्वासन ऐकायला गोड असते, पण त्याची अट वाचावी. दरवर्षी तिथेच सशुल्क तपासणी केली तरच ते लागू, अशी अट असू शकते. शिवाय पडद्याची जाडी उरली नसेल, तर मोफत असूनही ते करता येत नाही. स्माइलनंतर दुसऱ्यांदा करायचे झाल्यास बहुधा पीआरकेसारखी पृष्ठभागावरची पद्धत वापरावी लागते, हेही आधीच समजून घ्यावे.

पाचवी पायरी : डॉक्टर

यंत्र चांगले असावेच, पण यंत्रापेक्षा ‘नाही’ म्हणणारा डॉक्टर शोधावा. ‘गेल्या महिन्यात तुम्ही किती जणांना परत पाठवले आणि कशासाठी’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायला सांगतो. ज्यांना पातळ पडदा, कोरडे डोळे, वाढता नंबर अशी कारणे पटापट सांगता येतात, त्यांच्याकडे निवड काटेकोर होते असे समजायला हरकत नाही.

सर्जनची पदवी नेत्रशास्त्रातली एमएस किंवा डीएनबी आहे का, त्यापुढे कॉर्निया किंवा रिफ्रॅक्टिव्ह सर्जरीचे, म्हणजे नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेचे, विशेष प्रशिक्षण आहे का, हे पाहावे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत नाव आणि क्रमांक पडताळता येतो. याच यंत्रावर, याच पद्धतीने त्यांनी स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारणे उद्धटपणा नाही. काही डॉक्टर आपले रुग्ण दुसऱ्याच्या लेसर केंद्रात नेऊन शस्त्रक्रिया करतात. त्यात गैर काही नाही, पण मग पुढची देखरेख कुठे होणार आणि रात्री अकराला डोळा लाल होऊन दुखू लागला तर कोणाचा फोन लागेल, हे दोन्ही ठिकाणी विचारून ठेवावे. शस्त्रक्रियेआधी सर्जनने स्वतः तुम्हाला एकदा तपासलेले आणि पुरेसा वेळ बोललेले असावे. सगळे बोलणे समुपदेशकच करत असेल, तर तिथे थांबू नये.

यंत्राबद्दल दोन प्रश्न पुरेत : शेवटची देखभाल कधी झाली, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले तापमान व आर्द्रता यांची रोज नोंद ठेवली जाते का. हवेतल्या ओलाव्याचा एक्सायमर लेसरच्या परिणामावर फरक पडतो. मे महिन्यातली नागपूरची कोरडी हवा आणि जुलैतली दमट हवा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, तेव्हा इथे हा प्रश्न केवळ औपचारिक नाही.

ओळखीच्यांचे अनुभव घ्यावेत, पण कालच शस्त्रक्रिया झालेल्याचे नव्हे. पहिल्या आठवड्यात भिंतीवरचे घड्याळ चष्म्याविना दिसले, की माणूस आनंदाने सगळ्यांना तेच सांगतो. दोन वर्षे झालेल्यांना विचारावे : रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसतात का, डोळे अजून कोरडे पडतात का, आणि तक्रार घेऊन गेल्यावर ऐकून घेतले का.

विमा आणि हप्ते

आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळण्यांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा दृष्टिदोषाचा खर्च मिळत नाही. नंबर त्याहून मोठा असेल, तर पॉलिसीतले कलम वाचून कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्यावी. ‘आमच्याकडे क्लेम होतो’ या रुग्णालयाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. बिनव्याजी हप्त्यांची सोय पुष्कळ ठिकाणी असते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही संकल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी वळते केलेले असते. म्हणून रोखीचा भाव आणि हप्त्यांचा भाव वेगवेगळे विचारावेत, प्रक्रिया शुल्क मिळवावे आणि मग बघावे.

तारीख कोणती घ्यावी

नागपुरात एप्रिल-मे टाळता आला तर टाळावा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे राहणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे, आणि त्यात पंचेचाळीस अंशांची गरम हवा आणि रात्रभर तोंडावर येणारा कूलरचा वारा यांची भर पडली, तर तीन महिन्यांचा त्रास सहा महिने पुरतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. होळी-धुळवड तोंडावर असताना करू नये, कारण रंग आणि धूळ दोन्ही डोळ्यांपासून दूर ठेवावे लागतात. पोहणेही काही आठवडे बंद असते. उन्हाळ्यातच करावी लागली, तर कूलरची दिशा बदलावी, बाहेर पडताना कडेने झाकणारा गॉगल वापरावा आणि डॉक्टरांनी सांगितलेले अश्रूंचे थेंब बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. सुटीचा हिशेब लॅसिक किंवा स्माइलसाठी दोन-तीन दिवस आणि पीआरकेसाठी आठवडाभराहून थोडा अधिक धरावा. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्यांनी त्यात थोडी भर घालावी.

संमतीपत्र, बिल आणि नोंदी

संमतीपत्र आदल्या दिवशी घरी न्यायला मागावे आणि मराठीत नसेल तर मराठीतले मागावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी गाउन घालून बसल्यावर सही करण्यात काही अर्थ नसतो. कोरडेपणा, रात्रीची वलये, नंबर थोडा उरणे, संसर्ग, फ्लॅप सरकणे आणि पडदा पुढे येणे, हे सगळे धोके त्यात लिहिलेले असावेत आणि तुमच्या डोळ्याला त्यांतला कोणता अधिक लागू आहे हे सर्जनने तोंडी सांगावे. पैसे भरल्याचे तपशीलवार बिल घ्यावेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, आणि तक्रारीची वेळ आलीच तर बिल, लेखी भाव आणि सही केलेले संमतीपत्र हीच कागदपत्रे पुढे येतात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाकडून एक पानाचा सारांश मागून घ्यावा, ज्यात आधीचा नंबर, पडद्याचा आधीचा बाक आणि जाडी, लेसरने किती मायक्रॉन घटवले आणि तीन महिन्यांनंतरचा नंबर एवढे असेल. आज पंचविशीत असलेल्या माणसाला साठीत मोतीबिंदू झाला, की डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना त्या वेळच्या डॉक्टरला हेच आकडे हवे असतात, कारण लेसर झालेल्या डोळ्यावर नेहमीचे सूत्र चुकीचा नंबर देते. तोवर रुग्णालय त्याच जागी असेल किंवा त्यांच्याकडे जुने कागद राहिले असतील असे धरून चालता येत नाही. तेव्हा या पानाची एक प्रत फोनमध्ये आणि एक घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी, आणि ती कुठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावे.